रसायनशास्त्र विभागातील बातम्या आणि संधी मुदत संपल्यावरच का कळतात?

खानापूर रोड
नमस्कार. मी बेळगाव परिसरातील एका रसायनशास्त्र विभागात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विभागाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रश्न एकाच विभागाचा असता तर येथे लिहिण्याऐवजी मी थेट विभागप्रमुखांना भेटले असते. मध्यंतरी आमच्या सूचनाफलकावर उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीचे एक पत्रक लागले. अर्जाची मुदत संपून गेली होती आणि पत्रकाच्या उजव्या कोपऱ्यात कार्यालयाचा आवक शिक्का होता, ज्यावरची तारीख मुदतीच्या बरीच आधीची होती. म्हणजे कागद इमारतीत वेळेवर आला होता, फक्त जिना चढायला त्याला उशीर लागला.

माझे प्रश्न दोन आहेत. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, संशोधकांनी आणि शिक्षकांनी वर्षभरात नेमक्या कोणत्या संधींवर लक्ष ठेवावे? "नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्या" असे सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यापलीकडचे सांगणारे कमी. आणि दुसरे असे की आपण सीमेवर राहत असल्यामुळे धारवाड, बंगळूर, कोल्हापूर, पुणे, गोवा या सगळ्या दिशा आपल्याला सारख्याच जवळ किंवा सारख्याच दूर आहेत, तर यांपैकी कोणते दरवाजे आपल्यासाठी खरोखर उघडे आहेत आणि कोणते नुसते उघडे दिसतात? ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

पिपेट
जागा राखून ठेवतो. पिपेट तोंडाने ओढायच्या दिवसांतला आहे, त्यामुळे सावकाश लिहीन.

निवृत्त मास्तर
पत्रक उशिरा लागले हे वाईटच आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. मात्र अध्यापनात आयुष्य गेल्यामुळे दुसरी बाजू मांडणे भाग आहे. विज्ञान अकादमींची उन्हाळी शिष्यवृत्ती ही काही गुपचूप निघणारी गोष्ट नाही. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची अकादमी या तिघी मिळून ती दरवर्षी देतात, दरवर्षी साधारण हिवाळ्यातच अर्ज मागवतात आणि निवड झालेल्याला देशातील एखाद्या संशोधकाकडे दोन महिने काम करायला मिळते. ज्याला बातमीची वाट पाहायची सवय लागली त्याला बातमी उशिराच मिळते. मी वर्गात पहिल्या दिवशी हे सांगत असे, आणि पहिल्या दिवशी वर्गात निम्मी मुले हजर नसत.

आणखी एक, जे शिक्षकांनाही माहीत नसते: हीच योजना महाविद्यालयीन शिक्षकांनाही खुली आहे. ज्यांच्या महाविद्यालयात उपकरण म्हणून एक पीएच मीटर आणि एक जुना कलरीमीटर एवढेच आहे, त्यांनी दोन महिने चांगल्या प्रयोगशाळेत घालवून पाहावेत. परत आल्यावर शिकवणे बदलते.

वडगावकर
मास्तर, आपल्याविषयी आदर ठेवून असहमती नोंदवते. मी स्वतः अतिथी प्राध्यापक म्हणून शिकवते आणि माझ्या वर्गातील अर्ध्याहून अधिक मुली घरातून पदवीच्या पुढे गेलेल्या पहिल्याच आहेत. "दरवर्षी येते, शोधून काढा" हे वाक्य त्यांना लागू पडत नाही, कारण काय शोधायचे याचे नावच त्यांना ठाऊक नसते. ज्याच्या घरात कोणी पीएच.डी. केलेले आहे त्याला जेवणाच्या ताटावर जे कळते, ते बाकीच्यांना फलकावरूनच कळणार. म्हणून फलक वेळेवर लागणे ही विभागाची जबाबदारी आहे, विद्यार्थ्यांच्या चिकाटीची परीक्षा नव्हे.

एक उदाहरण देते. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर फेलोशिप आहे. एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिला क्रमांक मिळवणाऱ्याला पीएच.डी.साठी तिच्याकडे अर्ज करता येतो. आमच्या ओळखीच्या एका सुवर्णपदक विजेतीने पदक फ्रेम करून भिंतीवर लावले, पण या फेलोशिपचे नाव तिने दोन वर्षांनी ऐकले. तिला पदक देणाऱ्यांपैकी एकानेही व्यासपीठावर तिच्या कानात एवढे सांगितले नाही.

तंबाखूनगर
विभागाचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे की! आमच्या गटात पहाटे पाचपासून सुप्रभात, नंतर वाढदिवस, नंतर कोणाच्या तरी हरवलेल्या पाकिटाची सूचना, आणि त्या सगळ्याखाली कुठेतरी सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेची जाहिरात पुरलेली असते. उत्खनन करणाऱ्यालाच मिळते. पुरातत्त्व विभागात जास्त संधी असाव्यात असे वाटू लागले आहे.

धारवाडी पेढा
हसू आले, पण मूळ प्रश्नाकडे येतो. मी धारवाडला रसायनशास्त्रात पीएच.डी. करीत आहे, त्यामुळे संशोधनाच्या बाजूचे लिहितो.

सीएसआयआर-यूजीसी नेटचा रासायनिक विज्ञानाचा पेपर तीन तासांचा आणि 200 गुणांचा असतो. अ भागात 20 पैकी 15, ब भागात 40 पैकी 35 आणि क भागात 60 पैकी 25 प्रश्न सोडवायचे असतात, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण जातात. या आकड्यांकडे नीट पाहिले तर लक्षात येईल की क भागातील एक प्रश्न 4 गुणांचा आहे आणि 60 मधले 35 प्रश्न सोडून देण्याची परवानगी आहे. आपली मुले मात्र पूर्ण पेपर सोडवण्याच्या विद्यापीठी सवयीने जातात आणि ऋण गुणांत बुडतात. ज्यांना सेंद्रिय चांगले येते त्यांनी सेंद्रिय, वर्णपटशास्त्र आणि थोडे असेंद्रिय पक्के करून क्वांटम रसायन निवडकच केले तरी चालते. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर 1 जानेवारी 2023 पासून लागू झालेल्या दराने महिन्याला 37,000 रुपये आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) म्हणून 42,000 रुपये मिळतात, वर घरभाडे वेगळे. घरी "अजून शिकतोच आहेस का?" असे विचारणाऱ्यांना हे आकडे सांगावेत, प्रश्न पुन्हा येत नाही.

आता एक नवी गोष्ट, जी अनेकांना अजून माहीत नाही. 2024 पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ आणि सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश, आणि केवळ पीएच.डी. प्रवेश. नंतरच्या दोन गटांतील गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एका वर्षापुरतेच चालतात, आणि प्रवेश देताना नेटच्या गुणांना 70 टक्के व मुलाखतीला 30 टक्के वजन असते. म्हणजे "पुढच्या वर्षी पाहू" म्हणून गुणपत्रिका कपाटात ठेवली तर ती तिथेच शिळी होते. गेट या अभियांत्रिकी आणि विज्ञान पदवीधरांच्या परीक्षेचे तसे नाही, त्याचा स्कोअर तीन वर्षे चालतो, म्हणून दोन्ही परीक्षा द्याव्यात असे मी आग्रहाने सांगतो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेची रसायनशास्त्राची निवडही गेटच्या गुणांवरून किंवा त्यांच्या स्वतंत्र परीक्षेतून होत आली आहे.

वेर्णा पासिंग
सगळा धागा संशोधनाकडे झुकू लागला आहे, म्हणून दुसऱ्या टोकावरून लिहितो. मी गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या क्यूसी म्हणजे गुणवत्ता नियंत्रण विभागात आहे. घर बेळगावात, शनिवारी चोर्ला घाटातून परत. दरवर्षी उन्हाळ्यात आमच्याकडे मुलाखतीला बेळगाव, खानापूर, चंदगड भागातील पुष्कळ मुले येतात, आणि गुणपत्रिकेवर प्रथम श्रेणी असूनही पहिल्या दहा मिनिटांत परत जातात.

कारण सांगतो. एचपीएलसी या द्रावणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाचे तत्त्व त्यांना घडाघडा पाठ असते. पुढचा प्रश्न असतो: "प्रमाण द्रावणाची पाच इंजेक्शने दिली, क्षेत्रफळांचा सापेक्ष प्रमाण विचलनांक 2 टक्क्यांपेक्षा जास्त आला, आता काय कराल?" याला उत्तर येत नाही. काही जण "एक इंजेक्शन वगळू" असे सांगतात, आणि तिथेच मुलाखत संपते, कारण औषध उद्योगात न पटणारा आकडा वगळणे हा नुसता अडाणीपणा नाही, गुन्हा समजला जातो. योग्य उत्तर असे की नमुन्याला हात न लावता आधी थांबायचे, वरिष्ठांना कळवायचे, मोबाइल फेजमध्ये हवेचे बुडबुडे, गळती, कॉलमची स्थिती, इंजेक्टर हे पाहायचे आणि जे पाहिले ते सगळे नोंदवायचे. यासाठी महागडे उपकरण लागत नाही, ब्युरेटचे तीन वाचन घेताना न जुळणारे वाचन खोडून न टाकण्याची सवय लागते. आपल्या प्रयोगवह्यांत तिन्ही वाचने नेहमी 10.2, 10.2, 10.2 अशीच का येतात, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावे.

विभागात संधीची बातमी उशिरा येते हे खरेच आहे. पण आमच्या उद्योगात बातमी येतच नाही, माणूस येतो. जुना विद्यार्थी सांगतो की अमुक ठिकाणी चार जागा आहेत. त्यामुळे माजी विद्यार्थ्यांची यादी ज्या विभागाकडे असते त्याला फलकाची गरज निम्मी उरते.

निवृत्त मास्तर
10.2 चा टोला लागला. तो आम्हा शिक्षकांनाच आहे, कारण न जुळणाऱ्या वाचनाला गुण कापणारे आम्हीच.

मळी
वेर्ण्याचा विषय निघाला म्हणून आपल्या अंगणातले लिहितो. बेळगाव जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की रात्री कुठल्याही उंच जागेवरून हंगामात चिमण्यांचे दिवे मोजावेत. उगार, संकेश्वर, मुनोळी ही नावे तर सगळ्यांना माहीत आहेत. या कारखान्यांना प्रयोगशाळेत केमिस्ट लागतात, आणि आता मळीपासून व रसापासून इथेनॉल करायचे प्रमाण वाढल्यामुळे आसवनीलाही लागतात. तरीही एम.एस्सी. झालेली मुले याकडे कमीपणाचे काम म्हणून पाहतात.

काम कमीपणाचे नाही, काटेकोर आहे. रसाचा नमुना आला की ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण) घ्यायचा, मग शिशाच्या क्षाराने रस निवळायचा, गाळायचा, 200 मिलिमीटरच्या नळीत भरून पोलरीमीटरवर पोल (साखरेचे प्रमाण) वाचायचा. 26 ग्रॅम शुद्ध साखर 100 मिलिलिटर द्रावणात असेल तर साखरेच्या मापावर वाचन बरोबर 100 येते, सगळे गणित तिथून सुरू होते. पोलला ब्रिक्सने भागून 100 ने गुणले की शुद्धता. ही शुद्धता पहिल्या मिलच्या रसापासून शेवटच्या मळीपर्यंत पायरीपायरीने उतरत जाते, आणि ती कुठे नको तेवढी उतरली यावरून साखर कुठे गळते आहे हे केमिस्ट खुर्चीवर बसून सांगतो. रात्रपाळीला पहाटे तीन वाजता नळीत एक बुडबुडा राहिला तर वाचन धूसर होते, आणि नवखा माणूस तेच लिहून मोकळा होतो. सकाळी चीफ केमिस्ट आल्यावर काय होते ते लिहीत नाही.

पगार सुरुवातीला थोडा असतो आणि पहिली एक-दोन वर्षे हंगामी कामगार म्हणूनच काढावी लागतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पुढे जायचे असेल तर शिक्षणाची सोय शहरातच आहे. गणेशपूरला एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे, पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा साखर संस्था आहे आणि कानपूरला राष्ट्रीय संस्था आहे. साखर तंत्रज्ञान शिकलेला माणूस पुढे आफ्रिकेतील कारखान्यांपर्यंत गेलेला मी पाहिला आहे. गणेशपूरच्या बसमधून रोज जाणाऱ्या आपल्या किती मुलांना त्या फाटकाच्या आत काय शिकवतात हे माहीत आहे?

गणपत गल्ली
मी रसायनशास्त्राचा नव्हे, पण मुलगी बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाला आहे म्हणून वाचतो आहे. आपण सगळे एम.एस्सी. आणि पीएच.डी. बद्दल लिहिता. केवळ बी.एस्सी. वर काही आहे का, हे कोणी सांगेल का? आणि मुलीला पुढे शिकायचेच असेल तर घरापासून दूर पाठवण्याला पर्याय आहे का?

मळी
काका, कारवार तालुक्यातील कैगा अणुवीज केंद्राच्या जाहिराती पाहत राहा. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र असून चांगले गुण असतील तर विद्यावेतन देणाऱ्या प्रशिक्षणार्थी जागा तिथे निघतात आणि प्रशिक्षणानंतर कायम नोकरीत घेतात. यमनापूरला हिंडाल्कोचा अ‍ॅल्युमिना प्रकल्प आहे, तिथेही बॉक्साइट आणि कॉस्टिकच्या द्रावणांचे रोजचे पृथक्करण करायला माणसे लागतात.

वडगावकर
काका, दुसऱ्या प्रश्नाबद्दल मी लिहिते. जॅम नावाची परीक्षा बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षातच देता येते आणि तिच्या गुणांवर आयआयटींमध्ये एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होतात. मुलीला हे कॉलेजमध्ये सांगितले गेले आहे का ते विचारा, आणि सांगितले नसेल तर तिच्या मैत्रिणींनाही सांगा. बेळगावातच राहायचे असेल तर राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 पासून आहे, भुतरामहट्टीला रोज जाऊन येणे शक्य आहे. पण मुलगी हुशार असेल तर "घरापासून दूर नको" हा निकष कृपया शेवटी लावा, पहिला नको. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ निपाणीच्या मुलांना बेळगावपेक्षा जवळ आहे आणि त्यांच्यापैकी कितीतरी जण रोज एसटीने ये-जा करून शिकले आहेत.

तंबाखूनगर
त्यातला एक मी. वर्गात "बेळगाववाला", घरी आलो की "कोल्हापूरकर". पण डबा मात्र निपाणीचाच होता.

नियम वाचा
सीमेच्या प्रश्नाचे अजून कोणी नीट उत्तर दिलेले नाही, म्हणून लिहिते. आपल्या मुलांचे सर्वांत जास्त नुकसान सेट या राज्य पात्रता परीक्षेबाबतच्या गैरसमजाने होते. नेट देशभर चालते. सेट मात्र 1 जून 2002 पासून पुढे उत्तीर्ण झालेल्यांना केवळ त्या त्या राज्यातच चालते. महाराष्ट्राची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते आणि ती महाराष्ट्र व गोवा या दोन्ही राज्यांसाठी असते. कर्नाटकाची के-सेट आता कर्नाटक परीक्षा प्राधिकरण घेते आणि ती कर्नाटकातच चालते. त्यामुळे कोल्हापूरला शिकून महाराष्ट्राची सेट झालेल्या मुलाला बेळगावच्या महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे असेल तर तिचा उपयोग नाही, मग त्याचे घर त्या महाविद्यालयाच्या समोर का असेना. शिवाय परराज्यातील उमेदवाराला सेटमध्ये खुल्या प्रवर्गातूनच मोजतात, हे राखीव प्रवर्गातील मुलांनी फॉर्म भरण्याआधी लक्षात घ्यावे.

आता उलट बाजू. महाराष्ट्राने दावा केलेल्या 865 गावांतील मराठी भाषक उमेदवारांना, तेथील 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला असेल तर, महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत अर्ज करता येतो. तांत्रिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशातही सीमाभागाचा स्वतंत्र प्रकार असतो, ज्यात मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. हे दाखले काढायला वेळ लागतो, जाहिरात आल्यावर धावाधाव करून मिळत नाहीत. म्हणून मी म्हणेन की संधींची यादी करण्याआधी कागदांची फाइल करा.

निपाणी स्टँड
म्हणजे शेवटी दोन्हीकडून आपलेच मरण. हा सगळा अन्याय कोणी केला यावर बोलले पाहिजे, 1956 सालापासून...

व्यवस्थापक
त्या विषयावर येथे वेगळे धागे भरपूर आहेत आणि ते भरतच राहतील. हा धागा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी मोकळा राहू द्यावा.

धारवाडी पेढा
नियम वाचा यांच्या प्रतिसादाला एक जोड देतो. कर्नाटक सरकारच्या अनेक भरत्यांत कन्नडची सक्तीची परीक्षा असते. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांनी "नंतर बघू" म्हणून ती टाळू नये, कारण रसायनशास्त्रात उत्तम असूनही या एका पेपरवर अडकलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. बेळगावला विभागीय न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे काम आहे, पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत. या जागा रसायनशास्त्राच्याच आहेत आणि आपल्या घराजवळच्या आहेत.

वेर्णा पासिंग
अन्न तपासणीचीही एक वाट आहे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण फूड अ‍ॅनालिस्टची परीक्षा घेते. रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि अन्न पृथक्करणातील तीन वर्षांचा अनुभव असेल तर तिला बसता येते. खासगी प्रयोगशाळेत कमी पगारावर काढलेली तीन वर्षे येथे कामी येतात, म्हणून अनुभवाची पत्रे जपून ठेवा. माझ्या सोबतच्या एकाने नोकरी सोडताना भांडण काढले आणि पत्र न घेताच निघून गेला.

पिपेट
राखलेली जागा आता भरतो. मी एका अनुदानित महाविद्यालयात शिकवतो आणि पीएच.डी.चे दोन विद्यार्थी सांभाळतो, त्यामुळे शिक्षक आणि संशोधक यांच्या उपयोगाचे लिहितो, कारण विभागाचे सदस्य म्हणजे केवळ विद्यार्थी नव्हेत.

पहिली गोष्ट उपकरणांची. आपल्याकडे एनएमआर नाही, मास स्पेक्ट्रोमीटर नाही, म्हणजे रेणूची रचना ओळखणारी उपकरणे नाहीत, म्हणून संशोधन होत नाही हे रडगाणे मी वीस वर्षांपूर्वी मान्य केले असते. आज धारवाडला कर्नाटक विद्यापीठात सैफ हे बाहेरच्यांनाही वापरता येणारे उपकरण केंद्र आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आहे, आणि आय-स्टेम या राष्ट्रीय संकेतस्थळावर देशभरातील सार्वजनिक संस्थांची उपकरणे शोधून वेळ आरक्षित करता येतो. प्रोटॉन एनएमआरसाठी पाच ते दहा मिलिग्रॅम पदार्थ पुरतो. मात्र तो पाठवताना आपली मुले ओला नमुना पाठवतात आणि मग आलेखात इथाइल अ‍ॅसिटेटचीच शिखरे दिसतात. दोन तास व्हॅक्यूमखाली सुकवायचा कंटाळा केला की आठ दिवस वाया जातात. नमुन्याच्या कुपीवर मार्करने नाव लिहून वर पारदर्शक पट्टी लावावी, नाहीतर सांडलेला एसिटोन ते नाव पुसून टाकतो आणि मग कोणाचा पदार्थ कोणता यावर वाद रंगतो.

दुसरी गोष्ट नियतकालिकांची. केंद्र सरकारने 25 नोव्हेंबर 2024 रोजी "एक राष्ट्र, एक वर्गणी" ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक आणि सुमारे 13,000 नियतकालिके असा तिचा आवाका आहे. सरकारी उच्चशिक्षण संस्थांना 2025 पासून ती खुली होऊ लागली. मी ज्या संस्थांत व्याख्यानाला गेलो त्यांतील एका विभागात तर या योजनेचे लॉगिन आले आहे हे ग्रंथपालांना माहीत होते आणि रसायनशास्त्राच्या एकाही शिक्षकाला माहीत नव्हते. संशोधक मुले अजून इकडून तिकडून मागून पीडीएफ मिळवत होती. खानापूर रोड यांच्या आवक शिक्क्याची आणि या लॉगिनची जात एकच.

तिसरी गोष्ट सावध राहण्याची. "आदरणीय प्राध्यापक, आपला मौल्यवान शोधनिबंध सात दिवसांत प्रसिद्ध करू" अशी पत्रे रोज येतात. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी 2019 मध्ये आली आणि 2025 मध्ये ती बंद केल्याची सूचनाही आली. आता कोणत्या नियतकालिकात लिहायचे हे ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर आणि आपल्यावर आहे. शिवाय यूजीसीच्या 2022 च्या नियमावलीनंतर पीएच.डी. मिळण्यासाठी शोधनिबंधाची देशव्यापी सक्ती राहिलेली नाही, विद्यापीठाचे स्वतःचे नियम वेगळे असू शकतात. त्यामुळे घाईघाईने पैसे मोजून कुठेतरी छापून आणण्याचे कारण पूर्वीइतके उरलेले नाही. तरीही मुले छापतात, कारण कोणीतरी सांगितलेले असते की मुलाखतीत संख्या मोजतात. मोजतात, हे मी नाकारत नाही. पण मी निवड समितीवर असताना यादीतील पहिल्या निबंधाचा विषय विचारतो आणि उमेदवाराची संख्या तिथेच आटते.

प्रकल्पांच्या अनुदानासाठी पूर्वी सर्ब हे केंद्रीय संशोधन मंडळ होते, ते आता 2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाले आहे. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांनी त्याची तरुण संशोधकांसाठीची योजना पाहावी.

वडगावकर
पिपेट सर, नव्याने "रुजू" होण्याचेच तर अडले आहे. 1 जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता आणि पीएच.डी. ऐच्छिक, असे नियमात आले. नियमात पात्र असलेले माझ्यासारखे किती जण वर्षानुवर्षे तासिकांवर आहेत हे कोणत्या फलकावर लागणार? कर्नाटकात अतिथी म्हणतात, महाराष्ट्रात सीएचबी (तासिका तत्त्व) म्हणतात, उन्हाळ्यातल्या पगाराची स्थिती दोन्हीकडे सारखीच. म्हणून माझ्या विद्यार्थिनींना मी वेर्णा पासिंग आणि मळी यांचे प्रतिसाद मुद्दाम वाचून दाखवणार आहे. प्राध्यापकी ही एकमेव प्रतिष्ठेची नोकरी आहे ही समजूत आमच्याच वर्गात आम्हीच रुजवली आहे.

निवृत्त मास्तर
याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या काळी पात्रता नव्हती तरी जागा होत्या, आता पात्रता आहे आणि जागा नाहीत.

खानापूर रोड
सर्वांचे आभार. इतके मिळेल अशी अपेक्षा नव्हती. हे सगळे प्रतिसाद मी आमच्या वर्गातील तिघींना वाचायला दिले आणि त्यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. वेर्णा पासिंग यांच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी एकीलाच देता आले, तेही तिचा मामा गोव्यात पिसुर्ल्याला नोकरीला आहे म्हणून.

विभागप्रमुखांशी बोलले. ते म्हणाले की आवक टपाल कार्यालयातून त्यांच्याकडे सहीला येते, तिथून परत कार्यालयात जाते आणि मग शिपाई फलकावर लावतो. मधल्या सहीसाठी ते दौऱ्यावर असले की कागद थांबतो. सही नंतर होईल, पण मुदत असलेल्या कागदाची प्रत त्याच दिवशी फलकावर लावावी, असे त्यांनी कार्यालयाला सांगितले आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त सूचना टाकायचा, बाकीच्यांना लिहिता न येणारा वेगळा गटही करायला त्यांनी परवानगी दिली, पण तो चालवायचा कोणी? शिक्षकांनी की आम्ही?

वेर्णा पासिंग
तुम्ही. पण दुसऱ्या वर्षाच्या दोघांनी आणि पहिल्या वर्षाच्या दोघांनी मिळून, म्हणजे जून उजाडला की गट अनाथ होत नाही. प्रत्येक सूचनेत वर अंतिम तारीख, खाली कोणाला अर्ज करता येतो आणि कोणते कागद लागतात, एवढेच लिहा. जाहिरातीची वीस पानांची पीडीएफ टाकून मोकळे होऊ नका, ती कोणी उघडत नाही.

नियम वाचा
आणि कोणत्या राज्यात चालते हेही लिहा. आपल्याकडे तो रकाना नसेल तर यादी अपुरी.

तंबाखूनगर
सुप्रभातवाल्यांची सोय कुठे?

खानापूर रोड
जुना गट तसाच ठेवला आहे. नव्या गटात काल पहिली सूचना टाकली, गेटच्या अर्जाची. पाच मिनिटांत तिघींनी मला वेगळा निरोप पाठवून विचारले की बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातील बहिणीलाही गेट देता येते का. देता येते ना?

धारवाडी पेढा
देता येते. पदवीच्या तिसऱ्या वर्षात असलेल्यांनाही चालते. फॉर्ममध्ये छायाचित्र आणि सही यांचे आकारमान दिलेल्या मर्यादेतच ठेवायला सांगा, दरवर्षी सर्वाधिक अर्ज त्यावरच अडकतात.

गणपत गल्ली
माझ्या मुलीलाही त्या गटात घेता येईल का? ती तुमच्या विभागातील नाही, पण रसायनशास्त्राची आहे.

खानापूर रोड
काका, निरोप पाठवला आहे. तिच्या मैत्रिणींचीही नावे पाठवा.